कार्डिफचं कुंकू

लंडनला जाऊन आलेला माणूस पुढचे आठ दिवस लंडनबद्दलच बोलतो. कार्डिफमध्ये आमचं हे नेहमीचंच होतं. वीकेंडला कोणी वेम्बलीला जाऊन आलं की सोमवारी त्यांचा फोन आलाच म्हणून समजा. अळूची पानं मिळाली, ताजा कढीपत्ता मिळाला, फरसाणाचं तर काही विचारूच नका! आम्ही ऐकायचो आणि जळायचो. मीसुद्धा जळायचे, खोटं कशाला बोलू? पण एकदा मी लंडनहून परत आले ती मान ताठ करून. तेव्हापासून कोणी लंडनचं कौतुक फार लावलं की मी म्हणते, असू दे हो, मोठं शहर आहे, चालायचंच.

आम्ही दोघं हॉस्पिटलातली माणसं. हे डॉक्टर, आणि मी लॅबमध्ये रक्त तपासणारी. ऐंशीचं दशक मध्यावर आलं असेल, तेव्हा माझे सासरे सांगलीला वारले. हे एकुलते एक. सासूबाईंना तिथं एकटं कसं ठेवायचं, म्हणून आम्ही त्यांना कार्डिफला घेऊन आलो.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून रिटायर झालेल्या. आवाज असा की शेवटच्या बाकावरची मुलगी दचकून बोटाला सुई टोचून घेईल. पण आमच्याकडे आल्या त्या गप्प होऊन आल्या. दिवसभर खिडकीशी बसायच्या. काही बोलल्याच तर 'तुमच्याकडे ऊन कधी पडतं ग?' नाही तर 'तुमच्याकडे भाजी अशी पाणचटच असते का?' सगळं 'तुमच्याकडे'. पाहुण्यासारख्या राहायच्या. मला ते फार लागायचं. माझी स्वतःची आई मी शाळेत असतानाच गेली होती. ड्यूटीवरून घरी आल्यावर 'जेवलीस का?' असं विचारणारं माणूस मला इतक्या वर्षांनी मिळालं होतं, आणि ते आपलं सामान बांधून बसल्यासारखं राहत होतं.

पहिली संक्रांत आली. मी हळदीकुंकू करायचं ठरवलं. कार्डिफमध्ये तेव्हा मराठी बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एखादी नाइट ड्यूटी करून झोपलेली, एखादीचं मूल तापानं फणफणलेलं. घर अगदीच मोकळं दिसेल म्हणून मी शेजारणीलाही बोलावून टाकलं. शेजारीण अस्सल वेल्श. तिला चुकून इंग्लिश म्हटलं की चिडायची. बिचारीचा नवरा कोळशाच्या खाणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. हे मला चांगलं माहीत होतं. पण बोलावताना डोक्यात काही आलंच नाही. शेजारीण म्हणजे शेजारीण, एवढंच.

आई, म्हणजे सासूबाई, सकाळपासून स्वयंपाकघरात होत्या. मी काही म्हटलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं होतं. 'मी मागं तिळगुळाचं बघते,' म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. सांगलीत गल्लीतल्या सगळ्या बायका ज्यांच्या घरी हळदीकुंकवाला यायच्या, त्या आता दाराआड तिळाचे लाडू वळत बसल्या होत्या. मला कसंतरीच झालं, पण बोलायचा धीर होईना.

शेजारीण आली ती हॅट घालून, बेदाणे घातलेल्या वेल्श केकचा डबा घेऊन. मी एका मैत्रिणीला हळदकुंकू लावत होते ते तिनं पाहिलं. लगेच हॅट काढली, कपाळावरचे केस मागं सारले, डोळे मिटले आणि चेहरा वर करून बसली! आता काय करता? 'तुमचा नवरा नाही, तेव्हा तुम्हाला हे नाही' असं मी इंग्रजीत कसं सांगणार होते? मराठीत तरी कोणत्या तोंडानं सांगितलं असतं म्हणा. मी लावलं. खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. लाडवांचं ताट घेऊन आई उभ्या. त्यांनी शेजारणीचं कपाळ पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. ताट टेबलावर ठेवलं.

'हिला चालतं?'

'चालवून घेतलं, आई.'

'मग मला का चालत नाही? हिचा नवरा काय गावाला गेलाय?'

आम्ही आधी दचकलो आणि मग अशा हसलो की शेजारीणही काही न कळता हसायला लागली. आई येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी करंड्यात बोट बुडवलं आणि त्यांच्या कपाळाशी नेलं.

'सरळ लाव,' आई म्हणाल्या. 'वाकडं मला खपायचं नाही.'

वर्षभर त्यांचं कपाळ मोकळंच असायचं. ते त्यांनी बदललं नाही आणि मीही कधी विषय काढला नाही. पण संक्रांतीच्या त्या एका दिवशी मात्र आई सगळ्यांबरोबर खुर्चीत, आणि शेजारीण त्यांच्या बाजूला. दुसऱ्या वर्षी तर करंडा आईंनीच हातात घेतला, कारण माझं वाकडं जातं असं त्यांचं ठाम मत. आम्ही काही मोठ्या सुधारक होतो असं नाही हं. मुळात बायकाच चार. त्यातून कोणाला वगळायचं म्हटलं तर हळदीकुंकू करायचं कोणाला, भिंतींना?

आता लंडनचं सांगते. एजवेअरला यांची आतेबहीण राहायची, यांच्याहून मोठी. आम्ही सगळेच तिला ताई म्हणायचो. ताई म्हणजे प्रस्थ. घर मोठं, ओळखी दांडग्या, हळदीकुंकवाला पुढची-मागची खोली मोकळी करून बायका बसायच्या. आईंवर, म्हणजे तिच्या मामीवर, तिचा जीवही फार. आईंची कार्डिफमधली तिसरी संक्रांत जवळ आली तेव्हा तिचा फोन आला.

'मामीला आणखी किती दिवस तिथं डांबून ठेवणार? तुम्ही दोघं दिवसभर कामावर. तिनं बोलायचं कोणाशी? माझ्याकडे राहू दे कायमची. इथं देऊळ आहे, भजनी मंडळ आहे, आपल्या बायका आहेत.'

ती खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. दिवसभर आई कुंपणापलीकडे शेजारणीशी बोलायच्या, ह्या मराठीत आणि ती इंग्रजीत. कोण काय म्हणतंय ते देवाला ठाऊक. हे म्हणाले, 'आपण हळदीकुंकवाला जाऊ. आईला आवडलं तर राहील. तिचं तिनं ठरवायचं.' बरोबरच होतं ते, पण मला ते ऐकायचं नव्हतं. निघायच्या दिवशी आईंनी छोटी बॅग सोडून माळ्यावरची मोठी सुटकेस काढायला लावली. मी ती पुसून दिली.

पॅडिंग्टनला उतरल्यावर ती गर्दी बघून मीच बावरले. आई बावरल्या नाहीत. ट्यूब रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर निऱ्या एका हातात धरून अशा उभ्या राहिल्या की जन्म तिथंच गेला असावा. दुसऱ्या दिवशी ताईच्या यजमानांनी आम्हाला गाडीतून वेम्बलीला नेलं. भावोजी शांत माणूस. गाडी लावून आमच्या मागं पिशव्या धरून चालायचे, तक्रार म्हणून नाही.

तिथल्या ईलिंग रोडवर आईंचं जे काही झालं ते मी आजही विसरले नाही. ऊस! हरभऱ्याच्या जुड्या! पेरू! आणि एका दुकानाच्या दारात चक्क बोरं. आईंनी एक बोर उचललं, पदराला पुसलं आणि तिथंच फुटपाथवर उभ्या राहून तोंडात टाकलं. डोळे मिटले. 'अगं, सगळं मिळतं की इथं!' दुकानदार गुजराती बोलतोय, ह्या मराठीत घासाघीस करतायत, आणि दोघांचं छान जमतंय. पुढं देवळात एक बाई भेटल्या त्या मिरजेच्या निघाल्या. मग काय, मिरज आणि सांगली, बघायलाच नको. मी पेरूंची पिशवी धरून खांबाशी उभी. ताईनं मला कोपरानं ढोसलं. 'बघितलंस? मामीचा चेहरा कसा खुललाय!'

'हो ना,' मी म्हटलं. माझा कसा पडलाय ते तिनं बघितलं नाही.

त्या संध्याकाळी चहा पिताना आईंनी ताईला सहज विचारलं, 'ती वरची मागची खोली कुणाची ग? ऊन छान येतं तिथं.'

'तुमचीच, मामी,' ताई म्हणाली. हे माझ्याकडे बघत होते. मी उठून कप विसळायला गेले. मनात म्हटलं, संपलं. आणि राग तरी कोणावर काढायचा? इथं सगळंच होतं. आमच्याकडे काय होतं, तर पाऊस आणि एक शेजारीण.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका यायला लागल्या. काळ्या चंद्रकळा, मोत्यांचे दागिने, अत्तराचा घमघमाट. नुकत्याच लग्न झालेल्या एका मुलीला हलव्याचे दागिने घातलेले. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं होतं, मी नाकारत नाही. एकीनं मला विचारलं, 'तुम्ही कार्डिफच्या ना? म्हणजे वेल्समध्ये. तिकडे करता तरी काय तुम्ही?'

'पाऊस बघतो,' मी म्हटलं.

आई वरून तयार होऊन आल्या. राखी रंगाची इरकल, केस चापूनचोपून बसवलेले. आल्या आणि माझ्या शेजारी ओळीत बसल्या, जशा कार्डिफला बसतात तशा. ताईला वाटलं असणार की मामी काय ते समजूनच बसेल. आणि आईंच्या मनात काही आलंच नाही. दोन संक्रांतींत एवढी सवय होते माणसाला.

ताई करंडा घेऊन ओळीनं येत होती. एकेकीला हळद, कुंकू, हाताला अत्तर, ओंजळीत तिळगूळ. आईंच्या अलीकडच्या बाईंचं झालं. आईंनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून चेहरा वर केला.

ताईचा हात थांबला. बोटाला कुंकू लागलेलं, हात मधेच.  आईंनी डोळे उघडले.

'मामी, तुम्हाला तिळगूळ देते हं,' ताई हळू म्हणाली, आणि तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवून माझ्याकडे वळली. तेच कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी आलं.

माझं डोकंच फिरलं. मी मान मागं घेतली. 'मला नको.'

'अगं, असं काय करतेस?'

'आधी आईंना.'

'अशी रीत नसते ग. तुला कळत नाही का?' ताईचा चेहरा लाल झाला. तिला चार लोकांत असं बोललेलं आवडलं नाही, आणि ते कोणालाही आवडलं नसतं.

'नसते तर माझंही राहू द्या, ताई.'

आईंचा हात माझ्या गुडघ्यावर आला. शाळेत वळवळणाऱ्या मुलीला धरतात तसा घट्ट. 'घे,' त्या म्हणाल्या. 'तिचं घर आहे, तिची रीत आहे. मुकाट्यानं घे.'

मी घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते रागाचं होतं, सांगून ठेवते. ताई पुढच्या बाईकडे गेली. कोणीतरी उगीचच थंडीबद्दल बोलायला लागलं. आईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिळगूळ तोंडात टाकला, शांतपणे चावून खाल्ला. आणि मग त्यांचा आवाज निघाला. तो शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. आमच्या घरात मी तो कधीमधीच ऐकला होता.

'ताई, तिळगूळ फार छान झालाय ग. येत्या शनिवारी आमच्याकडे पण हळदीकुंकू आहे. तू ये. तुम्ही पण या सगळ्याजणी. लांब आहे, पण पॅडिंग्टनहून गाडी सरळ येते.'

ताई वळली. 'मामी, पण तुम्ही तर राहणार होतात ना?'

'छे ग, मला कुठं जमतंय! उद्या निघायला हवं. मी नसले तर आमच्याकडे कुंकू सरळ कोण लावणार? हिचं वाकडं जातं.'

आमच्याकडे. लागोपाठ दोनदा म्हणाल्या. मी मोजत नव्हते, पण कानांनी आपोआप टिपलं. एवढ्या मोठ्या खोलीत, एवढ्या नटलेल्या बायकांत, त्या पावसाळी गावाला आई 'आमच्याकडे' म्हणाल्या. मला वाटलं उठून सगळ्यांना ओरडून सांगावं की बघा, ही माझी सासू! त्या क्षणी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या पगाराचा, डिग्रीचा, कशाचाच कधी वाटला नाही.

परतीच्या गाडीत हे पेपर वाचत होते. आईंच्या मांडीवर बोरांची पिशवी. मी विचारलं, 'आई, वाईट वाटलं का हो?'

'वाटलं. न वाटायला काय झालं?' त्या बाहेर बघत म्हणाल्या. जरा वेळानं एक बोर माझ्या हातावर ठेवलं. 'राहायचं मनात होतं हं माझ्या. तुला कळलं होतंच. साड्या सगळ्या घेतल्या होत्या.'

'कळलं होतं.'

'ताईचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जीव आहे तिचा माझ्यावर. पण तिच्याकडे एवढ्या बायका. एक राहिली तर तिला कुठं कमी पडतंय? आपल्याकडे मी उठले तर खुर्ची रिकामी दिसते ग.'

मी त्यानंतर कितीतरी वेळा लंडनला गेले. मला ते शहर आवडतं, कोणी गैरसमज करून घेऊ नका. जे मागाल ते मिळतं तिथं. पण आईंनी त्या गाडीत जे सांगितलं तेच मला पुढं ठिकठिकाणी दिसलं. भरपूर माणसं असली की माणसाला वगळणं परवडतं. लहान गावाला ती चैन नसते, प्रत्येकाला धरून ठेवावं लागतं, आणि मग धरून ठेवायची सवय लागते. आमची तेवढीच कमाई. ती लंडनच्या बाजारात मिळत नाही आणि मी ते छाती पुढं काढून सांगते.

शनिवारी आमचं हळदीकुंकू झालं. लंडनहून कोणी आलं नाही, येणार नव्हतंच. वाण म्हणून आईंनी वेम्बलीची बोरं वाटली. शेजारणीनं एक खाल्लं, तोंड वाकडं केलं आणि हे फळ तयार तरी झालंय का, असं विचारलं. आई म्हणाल्या, 'हिला काय कळतंय.' आणि तिच्या ओंजळीत आणखी चार टाकली.

वर्षं गेली. नव्वदचं दशक अर्धं सरलं तेव्हा भावोजी अचानक गेले. हे एजवेअरला जाऊन राहिले, सगळं बघितलं. ताईची मुलं अमेरिकेत, ती येऊन परत गेली. ताई त्या मोठ्या घरात एकटी. आईंनीच फोन केला, नव्हे, हुकूमच सोडला. 'बॅग भर आणि ये.' ताई आली. महिनाभर ती खिडकीशी बसून पाऊस बघायची. मी ड्यूटीवरून आले की आई तिला म्हणायच्या, 'तुझी वहिनी आली बघ, चहा टाक.' काम सांगितलं की माणूस उभं राहतं, असा त्यांचा खाक्या.

मग संक्रांत आली. एव्हाना कार्डिफमध्येही आपली माणसं वाढली होती. खुर्च्या पुरल्या नाहीत, तरुण मुली जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या. आई थकल्या होत्या, काठीशिवाय चालवत नव्हतं, पण करंडा त्यांच्याच हातात. त्या बसल्या जागेवरून लावायच्या आणि एकेकीनं त्यांच्यापुढं यायचं. शेजारणीचा नंबर नेहमीप्रमाणे पहिला, हॅट हातात.

मी इकडेतिकडे पाहिलं. ताई नव्हती. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं तर ती लाडवांचं ताट समोर घेऊन उभी. एजवेअरला ओळीनं कुंकू लावत जाणारी, आमची ती ऐटबाज ताई.

'मी मागं तिळगुळाचं बघते,' ती म्हणाली.

हेच शब्द मी याच दारात एकदा ऐकले होते.  मी काही बोलायच्या आत बाहेरून आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

'ताई! बाहेर ये.'

ताई पदर सावरत दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. 'मामी, नको. मी... त्या दिवशी मी तुम्हाला...'

'इकडे ये म्हटलं ना.'

ती आली. आईंच्या खुर्चीपुढं उभी राहिली.  जिन्यावरच्या मुली माना उंचावून बघायला लागल्या. आईंनी करंड्यात बोट बुडवलं आणि हात वर केला. ताई आहे उंच. आईंचा हात तिच्या हनुवटीपर्यंतसुद्धा जाईना. कुंकू लागलेलं ते म्हातारं बोट हवेत तसंच थांबून राहिलं.

'अगं, जरा वाक की,' आई म्हणाल्या. 'माझा हात पोचत नाही.'